आराखडा हाती आला म्हणजे काँगो तापाची लस तयार झाली, असं नाही

लातूर, नांदेड, परभणीकडच्या पशुपालकांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: "गोचिडातून येणाऱ्या काँगो तापाच्या विषाणूचा आराखडा एआयने काढलाय. कोरोनासारखी वर्षभरात लस आली असती, पण कंपन्या दाबून ठेवतात. ही लस जनावराला टोचली की गोचीडही गळून पडतील."

"आराखडा मिळाला, आता उरलं काय?" जवळजवळ सगळंच. आराखडा म्हणजे विषाणूच्या प्रथिनाची त्रिमितीय ठेवण. या विषाणूच्या पृष्ठभागावर जीएन आणि जीसी ही दोन प्रथिनं एकमेकांना धरून असतात. विषाणू पेशीत ओढला गेला आणि भोवतालचा सामू उतरला की जीसी आपलं रूप बदलतं आणि तीन-तीन रेणूंचा जुडगा बनतो. हे नंतरचं रूप टिकाऊ, म्हणून प्रयोगशाळेत सहज हाती लागतं. लसीला मात्र मुख्यतः आधीचं रूप हवं, कारण विषाणूला वेळेत अडवणारी प्रतिपिंडं त्यावर बसतात. प्रथिन विरघळावं म्हणून त्याचा विषाणूच्या पटलात (बाहेरच्या आवरणात) रुतलेला भाग कापतात. जीएनचा आधारही सुटला की जीसी आधीच्या रूपात टिकत नाही. एआय एक संभाव्य ठेवण दाखवतं. बाटलीतलं प्रथिन त्याच ठेवणीत राहील का, हे करूनच बघावं लागतं. प्रथिन शुद्ध करायचं, प्रतिपिंडं बसतात का तपासायचं, मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याची खरी ठेवण बघण्यासाठी सुमारे 3 मायक्रोलिटर थेंब बारीक जाळीवर टिपून द्रव इथेनमध्ये गोठवायचा. इथेही थेंबाच्या पृष्ठभागावर प्रथिन मोडतं, किंवा सगळे रेणू एकाच कुशीवर पडतात आणि बाकीच्या बाजू धूसर राहतात.

"कोरोनाची लस वर्षात आली." आली, कारण कोरोनाच्या पृष्ठभागावरच्या काटा प्रथिनाला आधीच्या रूपात अडकवणारी, त्यात प्रोलिन ही दोन अमिनो आम्लं बसवायची युक्ती मर्स या कोरोनाच्याच भाऊबंद विषाणूवर 2017 सालीच सिद्ध झाली होती. लहान मुलांच्या आणि वृद्धांच्या श्वसनमार्गाला बाधणाऱ्या आरएसव्ही विषाणूचं बघा: आधीच्या रूपाची रचना 2013 मध्ये कळली, लसी 2023 मध्ये मंजूर झाल्या. जीसी वेगळ्या घराण्यातलं, त्याला ती युक्ती जशीच्या तशी चालत नाही.

कंपन्यांनी दाबून ठेवल्याचा पुरावा त्या मजकुरात कुठेच नाही. खरी अडचण चाचणीची आहे. साथ विखुरलेली, रुग्ण थोडे. लस टोचलेले आणि न टोचलेले यांची तुलना करायला पुरेशी माणसं एका जागी मिळत नाहीत. जिवंत विषाणूवरचं काम पुण्याच्या एनआयव्हीसारख्या (राष्ट्रीय विषाणू संस्था) बीएसएल-4, म्हणजे सर्वोच्च सुरक्षेच्या प्रयोगशाळेतच होतं.

शिवाय आराखड्यावाचूनही लसी झाल्या आहेत. युरोपातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराची लस 1970 च्या दशकातली, त्याच्या विषाणूच्या पृष्ठभागावरच्या ई प्रथिनाची रचना 1995 ची. उलट काँगो तापाच्या विषाणूच्या जीपी38 या आणखी एका प्रथिनावरची काही प्रतिपिंडं प्रयोगशाळेत विषाणूला अडवत नाहीत, तरी उंदरांना वाचवतात. हे नुसत्या चित्रावरून कुणाला कळलं नसतं.

"लसीने गोचीड गळतील." साफ चूक. विषाणूवरची लस गोचिडाला काहीच करत नाही. बाधित जनावर सहसा आजारीही दिसत नाही, पण आठवडाभर त्याच्या रक्तात विषाणू असतो. म्हणून देवणी किंवा लाल कंधारी गाईच्या कानामागचे गोचीड बोटांनी चिरडू नका, आतला द्रव कातडीच्या चिरेतून शिरतो. हातमोजे घाला, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि स्पिरिटच्या बाटलीत टाका. पशुवैद्यकाला विचारून फ्ल्युमेथ्रिन 1 टक्का, 10 किलो वजनाला 1 मिली, पाठीच्या कण्यावर ओता. गोठ्याच्या भिंतींच्या फटीही बुजवा, अंडी तिथेही असतात.