मोबाइलच्या क्लिपवरून नो बॉल ठरत नाही

भातकापणी झाली की गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात, आणि हा मेसेजही फिरू लागतो: “टीव्हीवर प्रत्येक नो बॉल तिसरा पंच बघतो. आपणही सीमारेषेवर मोबाइल लावू, खरं काय ते दिसेल, मग पंच हवाच कशाला?” यातलं पहिलं वाक्य तेवढं खरं, तेही मोठ्या सामन्यांपुरतं आणि पुढच्या पायाच्या नो बॉलपुरतं.

“खरं काय ते दिसेल.” नाही दिसत. क्रिकेटच्या नियम 21.5 नुसार गोलंदाजाचं पुढचं पाऊल टेकताना त्याचा थोडा तरी भाग पॉपिंग क्रीजच्या, म्हणजे स्टम्पसमोर आखलेल्या आडव्या रेषेच्या, मागे हवा. टाच हवेत असली तरी चालते. ही रेषा मोजायची ती पांढऱ्या पट्ट्याच्या स्टम्पकडच्या कडेपासून. घोळ होतो तो हवेतल्या टाचेचा. समजा मोबाइल 60 मीटरवर, दीड मीटर उंचीवर आहे आणि क्रीजच्या सरळ रेषेतून फलंदाजाकडे 3 मीटर सरकला आहे. मग जमिनीपासून 5 सेंटीमीटर वर असलेली टाच चित्रात सुमारे 10 सेंटीमीटर मागे दिसते आणि नो बॉल पचून जातो. मोबाइल उलट बाजूला सरकला असेल, तर चांगल्या चेंडूवर पंच शिव्या खातो. हा अन्याय आहे.

“चित्र स्वच्छ असतं.” सेकंदाला 30 फ्रेम म्हणजे दोन चित्रांत 33 मिलिसेकंदांचं अंतर. पाय सेकंदाला 5 मीटर वेगाने येत असेल, तर तेवढ्यात तो सुमारे 17 सेंटीमीटर पुढे जातो. निकाल लागतो पाऊल पहिल्यांदा टेकतं त्या क्षणावर; क्लिप मात्र घसरलेल्या पावलावर थांबवलेली असते.

“टीव्हीवर चूक होतच नाही.” डिसेंबर 2021 मध्ये ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावरच्या कसोटीत नो बॉल तपासणारी ही यंत्रणाच बंद पडली होती. इंग्लंडच्या बेन स्टोक्सचं पाऊल त्याच्या पहिल्या पाच षटकांत 14 वेळा पुढे पडलं, नो बॉल दिले गेले दोन. शिवाय मागचा पाय रिटर्न क्रीजला, म्हणजे स्टम्पच्या बाजूला पिचच्या लांबीच्या दिशेने आखलेल्या रेषेला, लागला का, हे बाजूच्या कॅमेऱ्यात कळत नाही.

तरीही व्हिडिओ हवाच असेल, तर क्रीजच्या दोन्ही टोकांना, पट्ट्याच्या मागच्या कडेवर, एकेक स्टम्प उभा करा. स्क्रीनवर लांबचा स्टम्प जवळच्या स्टम्पच्या बरोबर मागे, एका उभ्या रेषेत आला की मोबाइल जागेवर आला. मग स्टम्प काढा. 240 फ्रेमवर चित्रण करा. पिचच्या दोन्ही टोकांना वेगळा मोबाइल लागेल. लाल मातीत चुन्याची कड गोलंदाजाच्या बुटाखाली लवकर पुसते, म्हणून प्रत्येक डावाआधी दोरी ताणून ती पुन्हा आखा. एवढं करूनही शंका उरली, तर फायदा गोलंदाजाला. टीव्हीचा पंचही तेच करतो.