पोटरी सुजली असेल तर आधी तपासणी, मग मालिश

मालिश आणि फिजिओथेरपीवरच्या एका लेखात लिहिलंय की मसाजवाले काय आणि फिजिओ (फिजिओथेरपिस्ट) काय, दोघं हातानेच काम करतात मग वाद कशाला. मला हे अजिबात पटलं नाही. आम्ही फोंड्याला राहतो, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर दहाव्या दिवशी तिची पोटरी सुजली, हात लावला तर गरम लागायची, आम्हाला वाटलं पाय आखडलाय, म्हणून मसाजवालीला बोलावलं, खोबरेल कोमट करून वाटीत काढूनसुद्धा ठेवलं होतं. तेवढ्यात व्यायाम घ्यायला येणारी फिजिओ आली. तिने टेपने दोन्ही पोटऱ्या मोजल्या, तीन सेंटिमीटरहून जास्त फरक! म्हणाली, "काकींच्या पायाला कोणी हात लावू नका, आत्ताच्या आत्ता गोमेकॉत न्या." गोमेकॉ म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. तिथे डॉपलर, म्हणजे शिरेतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी, केली तर शिरेत रक्ताची गुठळी. चोळलं असतं तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती.

मसाजवालीचा दोष नाही हो, तिला हे कोणी शिकवलंच नव्हतं. बीपीटीला, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीला, चार-पाच वर्षं जातात, ती नुसतं दाबायला शिकण्यासाठी नाहीत, कुठे दाबायचं नाही हे कळण्यासाठी पण असतात. थकलेल्या अंगाला मालिश करा ना, मी स्वतः करून घेतो, पण कळंगुटला पाटीवर सायटिका, स्लिप डिस्क बरी करतो असं लिहितात त्याला माझा विरोध आहे. आणि फिजिओंनाही सांगणं आहे, पेशंटला नुसतं मशीन लावून बाजूला बसू नका, लोक मग मालिशवाल्याकडेच जातात.