पाऊस नुसता दाखवायलाच का?

या कॉम्प्युटर गेममध्ये परत तेच! रात्रीची लढाई, वर धो धो पाऊस, आणि समोरचे धनुर्धारी दोनशे पावलांवरून माझ्या घोडदळावर अचूक बाण मारतायत. अंधारात त्यांना दिसतं कसं? मला स्क्रीनवर माझेच भालाईत दिसेनात!

मध्ययुगातल्या लढायांचा गेम म्हणायचं आणि पाऊस फक्त डोळ्यांना दाखवायचा. १३४६ मध्ये फ्रान्समधल्या क्रेसीला लढाईआधी सर आली, फ्रेंचांकडून लढणाऱ्या इटलीतल्या जिनोआच्या लोकांच्या क्रॉसबोंच्या (चाप ओढून बाण सोडायच्या आडव्या धनुष्यांच्या) दोऱ्या भिजल्या, असं तिकडच्या बखरकारानं लिहून ठेवलंय. १४१५ मध्ये फ्रान्समधल्याच अजिंकोर्टच्या लढाईत नांगरलेल्या रानातल्या चिखलानं चिलखतवाले फ्रेंच सरदार अडकवले. या गेममध्ये मात्र चिखलातून घोडे उन्हाळ्यासारखेच उधळतात.

आम्ही साताऱ्याचे. जुलैत अजिंक्यताऱ्यावर पायवाटेनं चढून बघा. वीस पावलांत बुटाला एवढा लाल चिखल चिकटतो की पाय उचलताना मांडी भरून येते. वर धुकं असलं की पुढं चालणारा मित्र हाकेवर असून दिसत नाही. अंगावर चिलखत नसताना ही गत! १६६० च्या जुलैत महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले ते अशाच पावसाळी रात्री. अंधार आणि पाऊस हीच तर तिथं अर्धी फौज होती.

दोऱ्या भिजल्या की पल्ला कमी करा, चिखलात घोडा दमवा, रात्री नजर आखूड करा, आणि हे नियम कॉम्प्युटरच्या फौजेलाही लावा. एवढंच मागतोय, अपडेटमागून अपडेट येतात, त्यात झेंड्यांचे नवे रंग तेवढे असतात!