स्टेम बदलून पुढचे चाक सरकत नाही

गेले काही आठवडे सायकलस्वारांमध्ये एक लांबलचक मजकूर पुढे पाठवला जात आहे. ‘कस्टम ग्रॅव्हल सायकल ही निव्वळ लूट आहे’ असे त्याचे पहिलेच वाक्य आहे. कस्टम ग्रॅव्हल म्हणजे खडीच्या कच्च्या वाटांसाठी, स्वाराच्या मापाने बनवून घेतलेली सायकल. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: तयार फ्रेमच्या चार-पाच मापांत प्रत्येक शरीर बसते आणि उरलेला फरक स्टेम (हँडल धरणारा पुढचा आखूड तुकडा) व सीटपोस्ट (सीटखालची नळी) बदलून भरून निघतो, लहान फ्रेमवर बूट पुढच्या चाकाला लागतो ही सवयीची बाब आहे, वळताना पाय मागे घ्यावा, उलट अशा फ्रेमचा अधिक कललेला हेड अँगल (हँडलच्या अक्षाचा जमिनीशी होणारा कोन) सायकल स्थिर ठेवतो, स्टील धक्के पचवते, म्हणून टायरवर छापलेल्या कमाल आकड्याइतकी हवा बिनधास्त भरावी, फ्रेम बनवणाऱ्याला उंची, पाय आणि हात एवढी तीन मापे पुरतात, आणि हाताने बनवलेल्या फ्रेमची चाचणी कोणी करत नाही. हा मजकूर माझ्या भाचीपर्यंत पोहोचला. तिची उंची पाच फुटांच्या आत आहे, आणि फ्रेम बनवणाऱ्याशी जवळजवळ ठरलेले काम तिने हे वाचून थांबवले. इतरांनी काय वाचावे हा माझा प्रश्न नव्हता. आता मात्र उत्तर देणे भाग आहे.

बूट चाकाला लागण्याचा मुद्दा आधी घेतो, कारण तो सर्वांत हास्यास्पद आहे आणि त्यानेच माणूस पडतो. 700सी या नेहमीच्या मोठ्या मापाच्या चाकाच्या रिमचा टायर बसतो तिथला व्यास 622 मिमी असतो. त्यावर 40 मिमीचा टायर चढवला की चाकाची त्रिज्या सुमारे 351 मिमी होते. क्रँक (पेडल धरणारा दांडा) 170 मिमीची आणि पेडलच्या अक्षापुढे बुटाचे टोक साधारण 100 मिमी धरले, तर सरळ बेरीज 621 मिमी होते. चाक वळलेले असताना त्याचा मागचा काठ बुटासमोर येतो तेव्हा हे अंतर थोडे कमी भरते. तरी खालच्या ब्रॅकेटपासून, म्हणजे क्रँक ज्याभोवती फिरते त्या अक्षापासून, पुढच्या अक्षापर्यंतचे अंतर ढोबळमानाने 600 मिमीच्या आत आले की बूट घासणार हे धरून चालावे. अनेक लहान तयार फ्रेममध्ये ते आतच असते, कारण हँडल जवळ आणण्यासाठी फ्रेम आखूड केली की चाकही स्वाराकडे सरकते.

आता स्टेमचे पाहू. स्टेम आखूड केला की हात जवळ येतात. चाक होते तिथेच राहते. सीटपोस्टचेही तसेच. हे सुटे भाग स्वाराला सायकलवर पुढे-मागे, वर-खाली हलवतात, पण स्वार आणि चाके यांचे नाते फ्रेम व फोर्क (पुढचे चाक धरणारा दुशाखी भाग) ठरवतात, आणि मजकूर लिहिणाऱ्याला नेमका हाच फरक कळलेला नाही. त्याच्या बाजूने एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. वेगात असताना आपण सायकल झुकवून वळतो, हँडल जेमतेम काही अंश फिरते, आणि त्यामुळे सपाट डांबरी रस्त्यावर वर्षानुवर्षे बूट न लागलेले स्वार आहेत. पण ग्रॅव्हल सायकल घेतली जाते ती कशासाठी? सुट्या खडीच्या चढावर, चालण्याच्या वेगात, तीव्र वळणावर हँडल वीसेक अंश फिरलेले असते आणि पेडल थांबवले तर सायकल तिथेच उभी राहते. त्या क्षणी वळणाच्या बाहेरच्या बाजूचा बूट टायरवर अडकतो, हँडल परत सरळ होत नाही आणि स्वार आडवा होतो. ‘वळताना पाय मागे घ्यावा’ हा सल्ला देणाऱ्याने असा चढ एकदा चढून दाखवावा.

कललेल्या हेड अँगलमुळे स्थिरता वाढते, हे तर अर्धवट वाचनाचे फळ आहे. हँडलचा अक्ष लांबवला तर जमिनीला जिथे टेकेल तो बिंदू आणि टायर जिथे टेकतो तो बिंदू यांतले अंतर म्हणजे ट्रेल. वरच्याच चाकाला 72 अंशांचा हेड अँगल आणि 45 मिमी ऑफसेटचा (हँडलच्या अक्षरेषेपासून चाकाचा अक्ष जेवढा पुढे असतो तो) फोर्क दिला तर ट्रेल सुमारे 67 मिमी येतो. लहान मापात चाक दूर न्यायचे म्हणून हेड अँगल 70 अंश केला, पण सर्व मापांना एकच फोर्क ठेवण्याच्या सोयीपायी ऑफसेट तोच राहिला, तर ट्रेल 80 मिमीवर जातो, आणि हळू चढताना पुढचे चाक एका बाजूला कलंडू लागते. फ्रेम बनवणारा 55 मिमी ऑफसेटचा फोर्क योजतो, ट्रेल 69 मिमीवर आणतो आणि त्याच फटक्यात चाकही पुढे नेतो. 650बी या लहान मापाच्या चाकावर 47 मिमीचा टायर घातला तर त्रिज्या 339 मिमी होते, म्हणजे आणखी 12 मिमी सुटतात. क्रँक 160 मिमीची घेतली की अजून 10. हे सगळे एकत्र जुळवणे म्हणजेच कस्टम काम होय, नळ्यांवर नाव कोरणे नव्हे.

ट्रेल म्हणजेच स्थिरता या समजुतीला तर 2011 मध्येच उत्तर मिळाले आहे. डेल्फ्ट, कॉर्नेल आदी विद्यापीठांतल्या कोएमान, मेयार्ड, पापादोपुलोस, रुइना आणि श्वाब यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी बनवलेल्या स्वारहीन सायकलीचा ट्रेल किंचित ऋण होता, चाकांचा घूर्णन परिणाम (फिरणारे चाक कलायला जो विरोध करते तो) उलट्या फिरणाऱ्या चकत्यांनी रद्द केलेला होता, तरीही ती ढकलल्यावर स्वतःला सावरत गेली. ट्रेल निरर्थक आहे असे त्यातून ठरत नाही. स्वार असलेल्या सायकलीवर त्याचा परिणाम हाताला जाणवतोच. पण एका आकड्यावरून सायकल स्थिर की अस्थिर हे सांगता येते, हा दावा त्यानंतर करू नये.

हवेबद्दलचा सल्ला धोक्याचा आहे. हुकलेस, म्हणजे कडेला टायर धरणारे हूक नसलेल्या, रिमवर मानकांनुसार कमाल दाब 5 बार, म्हणजे सुमारे 72 पीएसआय असतो, आणि रुंद टायरसाठी रिम बनवणारे त्याहून कमी मर्यादा देतात. टायर आणि रिम यांतला लहान आकडा पाळायचा असतो, तोही मर्यादा म्हणून. 70 किलोच्या स्वाराला 40 मिमीच्या टायरमध्ये 2 ते 3 बार पुरतात. धक्के पचवण्याचे खरे काम तिथेच होते. टायर कित्येक मिलिमीटर दबतो, त्याच्यापुढे त्रिकोणी फ्रेमचे उभे लवणे नगण्य आहे. शिवाय स्टील स्वस्त असो की महाग, त्याचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे ताठरपणाचे माप, 200 गिगापास्कलच्या आसपासच राहतो. फरक पडतो तो नळीच्या व्यासाने: तेवढ्याच जाडीची नळी 28.6 ऐवजी 31.8 मिमी घेतली की वाकण्याला विरोध सुमारे 37 टक्क्यांनी वाढतो. म्हणून बनवणारा स्वाराचे आणि सामानाचे वजन विचारतो.

तीन मापांच्या मुद्द्यावर फार बोलण्यासारखे नाही. पायाच्या लांबीला 0.883 ने गुणून सीटची उंची काढण्याचे जुने सूत्र सुरुवातीला ठीक असते, पण कंबर किती वाकते आणि जुनी दुखापत कुठे आहे हे मोजपट्टी सांगत नाही. चांगला कारागीर आधी टायरची रुंदी आणि वाट कशी आहे हे विचारतो, मापे नंतर घेतो.

चाचणीच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. आयएसओ 4210 या सायकल-सुरक्षेच्या मानकातील पेडल-भाराच्या चाचणीत फ्रेमवर 1 लाख वेळा भार दिला जातो. अशी चाचणी झालेली फ्रेम कोणी वापरायला देत नाही, त्यामुळे एकाच स्वारासाठी बनलेल्या फ्रेमची ती होणे शक्य नसते. याला दुजोरा देताना आनंद होत नाही, पण नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. फोर्कची गोष्ट वेगळी आहे. तो मोठ्या संख्येने बनणारा, मानकानुसार तपासलेला विकत घेता येतो, आणि तुटल्यावर सर्वांत वाईट पाडणारा भागही तोच आहे. त्यामुळे बनवणाऱ्याला विचारावे की फोर्क कोणाचा आहे, तो कोणत्या चाचणीतून गेला आहे, आणि फ्रेमच्या नळ्या निवडताना वजन किती धरले आहे. या तिन्हींची लेखी उत्तरे जो देत नाही, त्याच्याकडे काम देऊ नये.