नव्या मालकास चार शब्द

लक्षावधी माणसे रोज आपखुशीने वापरतात असे एखादे सॉफ्टवेअर आपण नुकतेच विकत घेतले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. आता ते बिघडवायचे कसे या विवंचनेत आपण असाल, तर तीही सोडून द्यावी. काम दिसते तितके अवघड नाही. आपल्याआधी पुष्कळ मातब्बर मंडळी या वाटेने गेलेली आहेत, आणि त्यांनी वाट चांगली मळवून ठेवली आहे.

आपण नेमके काय विकत घेतले याची चौकशी सुरुवातीलाच करू नये. या बाबतीत ईबे या इंटरनेटवरच्या लिलाव-बाजाराचा आदर्श समोर ठेवावा. इंटरनेटवरून एकमेकांशी बोलण्याचे स्काइप हे सॉफ्टवेअर २००३ साली निघाले. निकलास झेनस्ट्रोम आणि यानुस फ्रीस हे त्याचे संस्थापक, आणि प्रत्यक्ष ते घडवले एस्टोनियातल्या मोजक्या प्रोग्रामरांनी. दोनच वर्षांनी ईबेने त्यासाठी २६० कोटी डॉलर मोजले. लिलावात वस्तू विकणारा आणि ती घेणारा एकमेकांशी प्रत्यक्ष बोलू लागतील, अशी त्यामागची कल्पना होती. अनोळखी माणसाकडून जुने घड्याळ घेणाऱ्याला त्याच्याशी गप्पा मारण्याची हौस नसते, हे कोणत्याही जुन्या बाजारातला फेरीवाला चहाच्या एका कपात सांगू शकला असता. पण सल्लागार म्हणून फेरीवाल्याला कोणी नेमत नाही. २००७ मध्ये ईबेने या खरेदीपोटी सुमारे १४० कोटी डॉलरांचा भार आपल्या हिशेबावर घेतला. पुढे २००९ मध्ये स्काइप विकायला काढले तेव्हा न्यायालयात आणखी एक गोष्ट चव्हाट्यावर आली: ज्या मूळ तंत्रावर स्काइप चालत होते ते संस्थापकांच्याच दुसऱ्या कंपनीच्या मालकीचे असून ईबेकडे केवळ ते वापरण्याचा परवाना होता. घर खरेदीखत करून घेतले आणि पाया भाड्याचा निघाला. तेव्हा कागदपत्रे वाचण्यात आपणही वेळ दवडू नये; संस्थापक योग्य वेळी सर्व समजावून सांगतात आणि त्याबद्दल हिस्साही घेतात.

दुसरी गोष्ट संयमाची. घेतले आणि बंद केले, यात कसब नाही. लोक दोन दिवस हळहळतात आणि मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणत पुढची वीस वर्षे आपल्या नावाने बोटे मोडतात. खरे कौशल्य सुधारणेत आहे. सॉफ्टवेअर इतक्या वेळा सुधारावे की ते बंद झाल्याचे कळल्यावर लोकांनी ‘अरे, अजून चालू होते का?’ असे विचारावे. मायक्रोसॉफ्टने २०११ साली ८५० कोटी डॉलरांना स्काइप घेतले आणि ही अवस्था येईपर्यंत चौदा वर्षे धीर धरला. इतकी चिकाटी हल्ली दुर्मीळ आहे.

सुधारणेला नावापासून आरंभ करावा. आपल्या संग्रही कचेऱ्यांसाठीचे एखादे वेगळे सॉफ्टवेअर पडलेले असेल, तर त्यालाही तेच लोकप्रिय नाव द्यावे. मायक्रोसॉफ्टकडे लिंक नावाचे एक सॉफ्टवेअर होते. २०१५ मध्ये त्याचे नव्याने बारसे करून ‘स्काइप फॉर बिझनेस’ असे नाव ठेवले गेले. घरचे स्काइप निराळे, कचेरीतले निराळे, आणि दोन्ही एकाच संगणकावर शेजारी शेजारी. एकाच गल्लीत एकाच नावाचे दोन डॉक्टर असले म्हणजे रोग्याची जी धावपळ होते ती येथे घरबसल्या साधते.

आता रूपपालटाकडे वळू, कारण खरी गंमत तेथेच आहे. माझ्या मावशीच्या संगणकाशेजारी भिंतीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असे. कोणत्या सॉफ्टवेअरची, ते सांगत नाही. त्याने काही फरक पडत नाही. दिनदर्शिकेच्या जुन्या पानाच्या पाठीवर, तिच्या वळणदार अक्षरात मजकूर होता: ‘१. दोनदा टिचकी. २. डावीकडे अनघाचे नाव. ३. हिरवे बटण. ४. थांबणे.’ रविवारी सकाळी, म्हणजे न्यू जर्सीत शनिवारची रात्र असताना, मावशी नीट साडी नेसून त्या चार ओळींच्या आधारे साता समुद्रापलीकडच्या लेकीचे घर गाठत असे. एका रविवारी संगणक उघडला तर नावे डावीकडून गेलेली, हिरवे बटण निळे झालेले आणि मध्यभागी एक अभिनंदनाचा फलक: आता सर्व काही पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. मावशीने चष्मा पुसला, चिठ्ठी पुन्हा वाचली आणि चौथी सूचना पाळली. ती थांबली.

नव्या मालकाने या चिठ्ठीचे मोल ओळखावे. आपण जे कोट्यवधी डॉलर मोजले ते संगणकीय आज्ञावलीसाठी नव्हेत. तशी आज्ञावली आपल्या पगारी मंडळींनी लिहून दिली असती. पैसे मोजले ते अशा लाखो चिठ्ठ्यांसाठी, आणि म्हणूनच त्या आधी निरुपयोगी केल्या पाहिजेत. ऐन तारुण्यातल्या मुलामुलींचे लाडके असे दुसरे एखादे अ‍ॅप शोधावे आणि त्याची नक्कल आपल्या साठीच्या ग्राहकाच्या गळ्यात बांधावी. २०१७ साली स्काइपमध्ये ‘हायलाइट्स’ नावाची सोय आली ती याच जातीची होती: दिवसभरातले क्षण चित्रांतून मिरवण्याची. बोलण्यासाठी आलेल्या माणसाला ती नको होती, आणि पुढच्याच वर्षी ती काढून टाकावी लागली. नको असलेली गोष्ट आणणे आणि मग ती काढल्याची सुधारणा म्हणून नोंद करणे, यात एकाच कामाचे श्रेय दोनदा पदरात पडते.

लोक जुन्या आवृत्तीला चिकटून बसले तर खचून जाऊ नये. एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने १९९९ मध्ये नलसॉफ्ट ही कंपनी घेतली आणि तिच्याबरोबर गाणी वाजवणारे विनॅम्पही ताब्यात आले. २००२ मध्ये विनॅम्पची तिसरी आवृत्ती निघाली, ती इतकी जड की लोक मुकाट्याने दुसऱ्या आवृत्तीकडे परतले. त्यानंतरची आवृत्ती थेट पाचवी ठरली, कारण दोन आणि तीन मिळून पाच होतात. (ही थट्टा माझी नाही, कर्त्यांचीच आहे.)

वचने मात्र सढळ हाताने द्यावीत. याहूने २०१३ मध्ये ११० कोटी डॉलरांना टम्बलर हे ब्लॉग लिहिण्याचे संकेतस्थळ घेतले तेव्हा आपण याची वाट लावणार नाही असे जाहीर आश्वासन दिले होते. याहूच व्हेरायझनकडे गेल्यावर टम्बलरही ओघाने तिकडे गेले, आणि २०१९ मध्ये ते पुन्हा विकले गेले तेव्हा किंमत ३० लाख डॉलरांच्या आत आल्याच्या बातम्या होत्या. पैशाच्या बाबतीत एव्हरनोट या नोंदी ठेवण्याच्या अ‍ॅपचा धडाही गिरवावा: मालक बदलल्यानंतर, २०२३ च्या डिसेंबरात फुकट वापरणाऱ्यांना पन्नास नोंदी आणि एक वही इतकीच मर्यादा घालण्यात आली. ज्याने दहा वर्षांच्या नोंदी तेथे साठवल्या त्याला एक्कावन्नाव्या नोंदीसाठी खिशात हात घालावा लागतो. वाण्याकडे उधारी थकली तरी तो इतका ताणत नाही.

एवढे करूनही सॉफ्टवेअर जिवंत राहिले, तर घरातच त्याला सवत आणावी. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये स्वतःचे जुने मेसेंजर बंद करून तिथल्या लोकांना स्काइपवर आणले होते. २०१७ मध्ये त्यांचेच कचेरीतल्या संवादाचे टीम्स आले, आणि अखेर स्काइपवरच्या लोकांना टीम्सवर जाण्यास सांगण्यात आले. बिऱ्हाड तेच, टेम्पो तोच, फक्त पत्ता बदलतो. अधूनमधून नशीब आपल्या योजनेच्या आड येते, हेही ध्यानात ठेवावे. २०२० च्या मार्चमध्ये जग घरात कोंडले गेले आणि ज्या एका कामासाठी स्काइप जन्माला आले होते ते काम साऱ्या जगाला एकाच वेळी निघाले. रोज वापरणारे चार कोटींवर गेले. अशा प्रसंगी कच्चा मालक मोहात पडून सॉफ्टवेअर नीट करून टाकतो. येथे तसे काही झाले नाही आणि लोक झूमवर गेले.

राहता राहिला मुहूर्त. वंडरलिस्ट हे कामांच्या याद्यांचे गोजिरवाणे अ‍ॅप मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये घेतले होते. २०१९ मध्ये त्याच्या संस्थापकाने ते परत विकत मागितले, आणि त्याला ते मिळाले नाही. मोडीत निघालेली वस्तू दुसऱ्याच्या अंगणात चालू लागली तर चारचौघांत काय तोंड दाखवायचे? ६ मे २०२० रोजी वंडरलिस्ट बंद झाले. स्काइपसाठी ५ मे २०२५ हा दिवस ठरला. पंचांग काढून पाहिले, तर दोन्ही वर्षी अक्षय तृतीया नुकतीच होऊन गेली होती; म्हणजे नव्या खरेदीचा मुहूर्त आधी आणि जुन्याच्या विसर्जनाचा नंतर, असा क्रम आपोआप जुळून येतो.