सरांची तार

आमच्या गावात शाळेतल्या पीटीच्या सरांच्या नावाने दर जानेवारीत मैदानी स्पर्धा होतात. स्पर्धा घ्यायच्या हे ठरायला पाच मिनिटं लागतात, फ्लेक्सवर कोणाकोणाचे फोटो टाकायचे याला दोन बैठका. वीस बाय दहाच्या त्या फ्लेक्सवर माजी सरपंच, भावी सरपंच आणि दोघांचे मेहुणे इतक्या दाटीनं बसतात की सर कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे उरतात. मैदान कोण आखणार, हा प्रश्न मात्र आदल्या दिवशी दुपारी चारला उगवतो, आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांना वावरात पाणी द्यायला जायचं असतं. उरतो आम्ही चौघं, फक्कीची (रेषा मारायच्या पांढऱ्या भुकटीची) पंचवीस किलोंची दोन पोती आणि २०० मीटरचा एक ट्रॅक, जो काही केल्या स्वतःच्या शेपटाला येऊन मिळत नाही.

सर हे काम दोन पोट्टे हाताशी घेऊन अडीच तासांत उरकायचे. ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून आले होते. १९१४ साली निघालेल्या या मंडळानं १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी दाखवली. आमच्या शाळेत मात्र ५० मीटरची पोलादी फीत अजून पोचायची आहे. पहाटे पांदणीनं मुलं पळवायची, दिवसा शाळा, चारनंतर स्वतःचं पाच एकर वावर, असा सरांचा दिवस. त्यामुळे मैदानाकडे ते कास्तकाराच्या नजरेनं बघत आणि वावराकडे पीटीच्या मास्तरच्या. पऱ्हाटीचं (कपाशीचं) तास वाकडं गेलं तर सालदाराला "पट्टी सोडली, बाद" म्हणायचे, जणू तो शर्यतीत आपली लेन सोडून पळाला.

आता आखणीचं गणित ऐका, दिसायला अगदी गरीब आहे. ४०-४० मीटरच्या दोन सरळ बाजू. उरलेले १२० मीटर दोन अर्धवर्तुळांत. १२० ला दोन 'पाय'ने (२π ने) भागलं की त्रिज्या १९.१० मीटर. पाय २२/७ धरला तरी आठ मिलिमीटरचाच फरक पडतो, म्हणून त्यावरून भांडू नये. इथवर मोबाइल सांगतो, आम्ही १९.१० ची दोरी फिरवतो आणि इथंच फसतो. कारण धावणारा रेषेवरून धावत नाही. काठाला उंचवटा नसलेल्या आमच्यासारख्या मैदानावर तो रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेरून धावतो असं धरून लांबी मोजतात. म्हणजे रेषा ओढायची १८.९० वर. हे वीस सेंटिमीटर विसरले की फेरी सव्वा मीटरनं फुगते. पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करणाऱ्याच्या आठ फेऱ्यांत दहा मीटर फुकट, घड्याळात जवळपास दोन सेकंद. सर म्हणायचे, "दोन सेकंद तुनं खाल्ले अन् थो पोट्टा समजते का माह्याच पायात दम नाई. दम तुह्या दोरीत नाई बे!"

दोरीवर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. काथ्याची दोरी ओढावी तशी वाढते, नायलॉनचीही वाढते, सुतळी दव पडलं की आखडते, आणि कापडी फीत शिंप्याकडेच बरी. यावरचा उपाय त्यांना रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, दिला. रोही अन् रानडुकरांसाठी वावराला कुंपण घातलं, त्यातली जाड जस्ती तार उरली. तिच्या एका टोकाला लोखंडी कडी आणि पुढे तांब्याच्या बारीक तारेचे पाच वेढे: १८.९०, २०.१२, २१.३४, २२.५६, २३.७८. चार पट्ट्यांच्या पाच रेषा. दोन वेढ्यांत १.२२ मीटर, म्हणजेच चार फूट. सरांच्या पऱ्हाटीची तासंही चार फुटांवर असत, त्यामुळे पट्टीची रुंदी कोणाला पाठ करावी लागली नाही.

ती तार आता सरांच्या घरी काकूंकडे असते. ओसरीच्या खांबापासून गोठ्यापर्यंत ताणलेली, वर्षभर धुणं वाळत घालायला. दरवर्षी आम्ही मान खाली घालून जातो, काकू काही न बोलता चिमटे काढायला लागतात.

तार मिळाली म्हणजे सुटलो असं नाही. वर्तुळाच्या मध्यावर सब्बल (पहार) ठोकायची, तीही दोन फूट खोल. वरवर ठोकली तर तार ओढणाऱ्याच्या बाजूनं ती झुकते आणि त्रिज्या वाढत जाते. तार सब्बलीला बांधायची नाही, तिची कडी सब्बलीत ओवायची. बांधली तर माणूस अर्धं वर्तुळ चालेपर्यंत ती सब्बलीभोवती गुंडाळते. तीन सेंटिमीटर जाडीच्या सब्बलीवर पावणेपाच सेंटिमीटर तार त्यातच जाते आणि वळण गोल न होता गोगलगाईसारखं आत वळतं. मागे एका वर्षी कोणीतरी गाठ मारली होती. कोणी, ते राहू द्या.

त्याआधी चौकोन. ४० मीटर लांब, ३७.८० (१८.९० ची दुप्पट) रुंद, चारी कोपरे काटकोनात. काटकोनाला ६, ८ आणि १० मीटरचा त्रिकोण लावायचा. तीन-चार-पाचचाही चालतो, पण त्रिकोण जेवढा लहान तेवढी चूक पुढं जाऊन मोठी. मग दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही ५५ मीटर ३ सेंटिमीटर भरले तर पुढं जा, नाही तर खुंट्या उपटा. आमचे कर्ण साधारण एका विताच्या फरकानं येतात आणि चौघांपैकी एक हमखास म्हणतो, "चालते ना, पोट्टेच तं पळनार हायेत." चालत नाही. चौकोन तिरपा असला की वळणाची रेषा सरळ रेषेला भेटतच नाही, बाजूनं निघून जाते, आणि मग तिथं फक्कीनं जे लिंपण करावं लागतं ते आदल्या पिढीतल्या भाऊबंदकीसारखं लांबूनही दिसतं.

जमीन हा आणखी एक घोर. मैदानाचा अर्धा भाग मुरमाड, अर्धा काळ्या मातीचा. काळी माती पाण्यानं फुगते, वाळली की भेगाळते, भेगेत आधी फक्की जाते आणि मग मुलाचा पाय. सर दिवाळीनंतर भेगा मुरमानं बुजवून पाणी मारायचे आणि वापसा येईपर्यंत रोलरला हात लावू द्यायचे नाहीत. मूठभर माती दाबली तर तिचं ढेकूळ व्हावं आणि टाकलं की फुटावं, तो वापसा. त्याआधी रोलर फिरवला तर काळी माती त्याला चिकटून उपटून येते. नंतर फिरवला तर नुसता आवाज होतो. ग्रामपंचायतीचा रोलर आम्हाला उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी मिळतो, त्यामुळे आमचा तो नेहमी नुसता वाजतो.

फक्कीबद्दल एकच सांगतो: चुना आणू नका. घामाच्या पायांना तो चावतो, डोळ्यात गेला तर दवाखाना. खडूची भुकटी आणावी, चाळावी, भोकं पाडलेल्या डब्यात भरावी, पाच सेंटिमीटरचं अंतर सोडून दोन बांबूच्या चिपा ठेवाव्यात आणि मधे शिंपावी. चार पट्ट्यांना मिळून १०७० मीटर रेषा होते. एवढा वेळ ओणवं राहिल्यावर चौघंही निंदणाला बसल्यासारखे दिसतात. फक्की वेढ्याच्या आत पडली पाहिजे, सब्बलीच्या बाजूला, कारण पट्टीची बाहेरची रेषा त्या पट्टीच्या रुंदीतच धरतात. वारा सुटायच्या आत, पहाटेच मारायची. बकऱ्यांना हे वेळापत्रक आमच्याआधी कळतं.

गोळाफेकीचं मैदान त्या मानानं देवमाणूस. गोळा ज्या कोनाच्या आत पडावा लागतो तो ३४.९२ अंशांचा, आणि तसला कोनमापक जगात कोणाकडे नसतो. फेकायच्या वर्तुळाच्या मध्यापासून २० मीटरवर दोन खुंट्या एकमेकींपासून १२ मीटर अंतरावर रोवल्या की तो कोन होतो.

खरी परीक्षा सुरुवातीच्या रेषांची. बाहेरची पट्टी लांब, म्हणून तिच्यातल्या मुलाला पुढून सोडायचं. पुस्तकात दुसऱ्या पट्टीला ७.०४ मीटर छापलेलं असतं. पण ते काठाला उंचवटा असलेल्या ट्रॅकचं. तिथं पहिली पट्टी ३० सेंटिमीटरवर मोजतात आणि बाकीच्या २० वर. आमच्याकडे सगळ्याच २० वर, म्हणून एका फेरीला प्रत्येक पट्टीमागे ७.६७. पुस्तक उतरवून काढलं की दुसरीपासून पुढच्या सगळ्यांना ६३ सेंटिमीटर जास्त पळावं लागतं, आणि पहिल्या पट्टीतला मुलगा कोणाचा, याची चौकशी गावभर सुरू होते. गंमत म्हणजे हा आकडा ट्रॅक २०० चा असो की ४०० चा, बदलत नाही. तो फक्त पट्टीच्या रुंदीवर ठरतो.

हे आम्हाला कळतं, पालकांना नाही. चौथ्या पट्टीतला मुलगा २३ मीटर पुढं उभा दिसला की धुऱ्यावरून आरोळी येते, "त्याले काहून अर्ध्या वावरात नेऊन उभं केलं?" सर अशा माणसाशी वाद घालत नसत. त्याला मैदानात बोलावून पहिल्या पट्टीतून एक फेरी मारायला लावत, मग चौथीतून, पावलं मोजत. तीसेक पावलं जास्त भरली की तो गडी आपोआप खाली बसे, थोडा दमूनही. आम्ही हा प्रयोग केला तेव्हा आलेले गृहस्थ फ्लेक्सवरचे निघाले. त्यांना फेरी मारायला सांगण्याची आमची हिंमत झाली नाही; शर्यतच अर्धा तास थांबली.

संध्याकाळी बक्षीसवाटप चालू असतानाच काकूंचा निरोप येतो, की तार पाठवा, दोन दिवसांचं धुणं ओलं पडलंय. आम्ही ती पुसून, गुंडाळून नेतो. कडी ओसरीच्या खांबाला, मोकळं टोक गोठ्याला, हे काकू उभ्या राहून बघतात. मग चिमटे लागतात, पातळं, चादरी, नातवाची चड्डी, सगळं पहिल्या वेढ्यापर्यंत दाटीवाटीनं. त्यापुढे कपडा घातला तर तांब्याचे वेढे सरकतात म्हणून सर घालू देत नसत. गोठ्याकडची ती शेवटची पाच मीटर तार आजही वर्षभर मोकळीच असते.