पोस्टर खालून वर वाचते मी

संगीत महोत्सवाचं पोस्टर आलं की मी सगळ्यात खालच्या ओळीपासून वाचायला घेते. वरची दोन-तीन नावं एवढ्या ठसठशीत अक्षरांत असतात की ती न वाचताही दिसतात. खाली उतरावं तशी अक्षरं बारीक होत जातात आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत दहा-पंधरा नावं दाटीवाटीनं बसवलेली असतात. कुणी शिलाँगचं, कुणी इंफाळचं, कुणी कोचीचं. त्यातली बहुतेक नावं मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत असते. माझा दिवस मी त्या ओळींतून निवडते. यंदा यावरून भाच्याशी जोराचा वाद झाला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भाचा सांगलीतच इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुण्याच्या महोत्सवाला आम्ही दोघं जाणार. त्यानं रात्र जागून एक एक्सेल केली. बँडचं नाव, व्ह्यूज, फॉलोअर्स, स्टेज, वेळ. एकाच वेळी दोन स्टेजवर दोन बँड आले की ज्याचे व्ह्यूज जास्त, तो ठेवायचा. मधल्या वेळात प्रत्येक स्टेजवर दहा-दहा मिनिटं डोकावून यायचं. "मावशी, असं केलं की एका दिवसात चौदा बँड होत्यात बघ," म्हणाला. मेहनत घेतली होती पोरानं, मला कौतुकच वाटलं. पण अष्टविनायकाच्या गाडीतनं देव होतात, तसे बँड होत नाहीत. दहा मिनिटांत दोन गाणी ऐकू येतील फार तर, आणि माणसं तशीच अनोळखी राहतील.

मी मिरजेत वाढले. उरुसाच्या दिवसांत वडील रात्री जेवण उरकलं की आम्हाला दर्ग्यात घेऊन जायचे. तिथं चिंचेच्या झाडाखाली गाणं. थोर गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ याच दर्ग्याच्या आवारात विसावलेत. १९३७ साली तिकडं मद्रासकडच्या प्रवासात एका रेल्वे स्टेशनवर ते वारले आणि त्यांना मिरजेला आणलं. त्यांच्या आठवणीत दरवर्षी कलाकार येऊन हजेरी लावतात. तिकीट नाही आणि एकच जागा. आज कोण गाणार हे आम्हा मुलांना ठाऊक नसायचं, ते विचारायचं असतं हेही ठाऊक नव्हतं. धारवाडकडचं कुणी बसायचं, मुंबईचं कुणी बसायचं. झोप लागायची, जाग यायची, तेव्हा वेगळाच माणूस गात असायचा. काही गाणी कंटाळवाणी होती. काही अजून कानात आहेत आणि ती कुणी गायली ते मला आजही सांगता येणार नाही. अनोळखी माणसापुढं निवांत बसायचं, ही सवय मला त्या फरशीवर लागली.

खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व. त्यांच्या नावानं भीमसेनजींनी १९५३ साली पुण्यात महोत्सव सुरू केला, तिथंही आजवर एकच स्वरमंच. एक उठला की दुसरा बसणार, आणि नवख्या कलाकाराच्या वेळी तुम्ही चहाला गेलात तरी त्याचा आवाज चहाच्या रांगेत पोचतोच. बँडच्या महोत्सवांचं तसं नसतं. पुण्यातच २०१० पासून वीकेंडर सुरू झाला, तेव्हापासून आपल्याकडच्या लोकांना एकाच मैदानात चार-पाच स्टेज एकदम चालू असण्याची ओळख झाली. इथं एकाला ऐकायचं म्हणजे दुसऱ्या तिघांना सोडायचं. त्यामुळं निवडावं लागतं, आणि निवडायची वेळ आली की माणूस ओळखीच्या नावाला धरतो. माझंही तसंच व्हायचं.

ते बदललं एका तंबोऱ्यामुळं. माझ्या आईचा तंबोरा जवारीला, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून सूर खुलवायला, टाकला होता, मिरजेत सतारमेकर गल्लीत. (२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्या गल्लीचं नाव पेपरात गाजलं. काम मात्र पिढ्यान् पिढ्या तेच चाललंय.) दुकान म्हणजे एक खोली. भिंतीला वाळलेले भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा. चाचा मांडी घालून बसलेले. घोडीवर कानस दोनदा फिरवायची, फुंकर मारायची, तार छेडायची आणि मान खाली घालून ऐकायचं. मग पुन्हा कानस, या खेपेला एकदाच. तारेखाली सूत सरकवायचं, केसाएवढं पुढं, केसाएवढं मागं. एका क्षणी तार अशी बोलली की बाहेरून सायकलवरनं जाणाऱ्यानं वळून बघितलं. चाचांनी तरीही सूत अजून जरासं सरकवलं.

मी म्हटलं, चाचा, पुण्याला जाते, तिथं सगळी अनोळखी पोरं वाजवतात. पैसे घालून जायचं, तर चांगली कोण ते आधी कसं ओळखायचं? हात न थांबवता म्हणाले, "गाणं ऐकून काय कळतंय? वाद्य लावताना ऐक. लावताना जो घाई करतोय, तो पुढंबी घाईच करणार."

तेव्हापासून मी तेच करते. अनोळखी बँडचं स्टुडिओतलं गाणं आधी लावतच नाही. स्टुडिओत ड्रम वेगळ्या दिवशी, गिटार वेगळ्या दिवशी, आवाज तिसऱ्या दिवशी घेता येतो. चुकलेला सूर सरळ करता येतो. ते चांगलंच असतं, पण चार माणसं एकमेकांचं ऐकतात का, हे त्यातून समजत नाही. मी शोधते ते कुणीतरी गर्दीतून मोबाइलवर घेतलेलं हलतं चित्रण, शक्यतो छोट्या जागेतलं. आणि गाणं सुरू व्हायच्या आधीचा भाग बघते. गिटार लावायला किती वेळ घेतात. एक लावत असला की बाकीचे गप्प बसतात की आपापलं बडवत राहतात. मग गाण्यात, गिटारवाला पुढं आला की गाणारी बाई माइकपासून मागं सरकते का. ड्रमवाला डोळे मिटून वाजवतो की बेसवाल्याकडं बघत वाजवतो. आपल्या भजनी मंडळात हेच बघतो की आपण. पखवाजवाल्याचं लक्ष टाळकऱ्यांवर असलं की ते भजन रात्रभर ऐकवतं, आणि तो स्वतःच्याच हातावर खूश असला की तासाभरात लोक उठतात.

भाच्यानं विचारलं, "पण मावशी, भाषाच कळत नसली तर?" मला हा प्रश्न मिरजेत वाढलेल्या माणसानं विचारू नये असं मनापासून वाटतं. खाँसाहेब उत्तरेकडच्या कैराण्याचे, घर केलं मिरजेत, आणि त्यागराजांची तेलुगू कृती गाऊन त्यांनी तिची रेकॉर्ड दिली. त्यांच्यापुढं बसणाऱ्या किती जणांना तेलुगू येत असेल? नागालँडच्या टेट्सिओ सिस्टर्स या बहिणी चोक्री भाषेत गातात. त्यांच्या गाण्यांना 'ली' म्हणतात आणि साथीला ताती नावाचं एका तारेचं वाद्य असतं. मला चोक्रीचा एक शब्द कळत नाही. पण एक तार आणि त्यावर मिळून लावलेले आवाज, हे आपल्याकडच्या एकतारीवर वाढलेल्या कानाला समजावून सांगावं लागत नाही. इंफाळ टॉकीज या बँडचा अखू चिंगांगबम मणिपुरीत गातो. शब्दांचा अर्थ मी नंतर शोधला, मणिपूरबद्दल दोन गोष्टी त्या निमित्तानं वाचल्या. आधी गाणं आवडलं म्हणून वाचल्या.

एक चूक मात्र अजून सलते. काही वर्षांपूर्वी एका पोस्टरवर तिनारिवेन हे नाव होतं. सहाराच्या वाळवंटातले तुआरेग लोक, साधारण १९७९ पासूनचा बँड. त्यांचा म्होरक्या इब्राहिम अग अलहबीब, त्यानं लहानपणी पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार जोडून पहिली गिटार केली. २०१२ साली त्यांच्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. हे सगळं मी वाचलं होतं, चित्रण बघितलं होतं, कागदावर त्यांच्या नावाला गोल केला होता. ऐन वेळी बरोबरच्या मैत्रिणी दुसऱ्या स्टेजकडं निघाल्या, तिथं सिनेमातली गाणी होती, गर्दी तिकडंच पळत होती. मी गोल केलेला कागद पर्समध्ये ठेवला आणि त्यांच्या मागं गेले. घरी आल्यावर रात्री दिवा बंद करून तिनारिवेन लावलं. एक गिटार सुरू होते, टाळ्या येतात, मग दुसरी गिटार, मग सगळे मिळून गातात, आणि कुणालाही कुठं पोचायची घाई नसते. मला चाचांचं सूत आठवलं. हे पंचवीस पावलांवर समोर बसून ऐकायला मिळालं असतं. सिनेमातली गाणी तर मला घरात रोज ऐकू येतात.

निवड दर वेळी बरोबर येते असं मी म्हणत नाही. तीन निवडले तर एखादा फसतो. पण फसला असं लवकर ठरवू नये, त्याला कारण आहे. मोठ्या कलाकाराचा साउंडचेक, म्हणजे आवाज तपासून बसवणं, आधीच निवांत होऊन गेलेला असतो. दुपारच्या उन्हात वाजवणाऱ्या छोट्या बँडला आधीचा बँड उतरल्यावर पंधरा-वीस मिनिटं मिळतात. त्यात केबल जोडायच्या, प्रत्येक माइक चालतोय का तेवढं बघायचं आणि सुरू करायचं. पहिलं गाणं चालू असताना ध्वनियोजना करणारा माणूस आवाज बसवत असतो. बेस ऐकू येत नाही, गाणाऱ्याचा आवाज मधेच फुटतो, शिट्टी वाजते. दहा मिनिटांत निघून जाणारे लोक नेमकं तेवढंच ऐकून जातात आणि "काय दम नाही" म्हणतात. मागं एका बँडच्या वेळी मीही निघायला उठले होते. तिसऱ्या गाण्याला बेस एकदम जागेवर आला आणि तीच पोरं, तीच वाद्यं, पण अंगावर काटा आला. त्यांचा सेट होता चाळीस मिनिटांचा. त्यातली पहिली दहा यंत्रांची, उरलेली तीस त्यांची.

म्हणून माझं भाच्याला एवढंच सांगणं होतं. दिवसाला तीन अनोळखी नावं, जास्त नाही. तिघांनाही पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत. जमलं तर ते चढायच्या आधी पंधरा मिनिटं जाऊन त्यांना वाद्यं लावताना बघायचं. उभं राहायचं मिक्सरच्या टेबलाजवळ, कारण साउंड इंजिनिअर तिथं बसून जे ऐकतो त्यावर सगळा आवाज बसवतो, मैदानात सगळ्यात नीट तिथंच ऐकू येतं. रात्रीचा मोठा बँड त्याच्या आवडीचा. दोन सेटच्या मध्ये तास रिकामा गेला तर जाऊ दे. गवतावर बसायचं, आधीचं डोक्यात मुरू द्यायचं.

तिकडं इंग्लंडात ग्लास्टनबरीला लोक कलाकारांची नावं जाहीर व्हायच्या आधीच तिकिटं काढून मोकळे होतात. १९७० साली एका दूधवाल्या शेतकऱ्यानं आपल्या रानात तो महोत्सव भरवला, एक पौंड तिकीट आणि त्यात गोठ्यातलं दूध फुकट. आले होते दीड हजार लोक. आपल्या सांगली जिल्ह्यात दूध काय कमी आहे? पण नाव माहीत नसलेल्या माणसाला ऐकायला एक संध्याकाळ देणारे दीड हजार सोडा, दीडशे गोळा करायला किती वणवण करावी लागते, ते करणाऱ्यांना विचारा.

मला याची एवढी तळमळ का, तर गेल्या पावसाळ्यात इथल्याच पाच पोरांनी एका छोट्या सभागृहात स्वतः बांधलेली मराठी गाणी वाजवली. प्रवेश फुकट. आम्ही एकवीस जण होतो, त्यात सात-आठ त्यांच्या घरचे. बेस वाजवणारी मुलगी कुपवाडची, दिवसा औद्योगिक वसाहतीत नोकरी करते. सुरुवातीला तिनं तारा लावल्या, गिटारवाल्यानं लावल्या, मग तिनं मान हलवून त्याला थांबवलं आणि आपल्या तारा पुन्हा लावल्या. अख्खं सभागृह वाट बघत होतं, आणि ती अजिबात गडबडली नाही. मी तेव्हाच ओळखलं. त्यांचे व्ह्यूज चारशेसुद्धा नसतील. भाच्याच्या एक्सेलमध्ये ही पोरं कधीच वर येणार नाहीत, आणि आपण सगळेच त्या एक्सेलनं निवडायला लागलो तर पुढच्या वर्षी ती वाजवणारही नाहीत. सांगलीत नाटक पहिल्यांदा उभं राहिलं, १८४३ साली, विष्णुदास भावे यांचं. त्या दिवशी समोर बसलेल्या माणसांनाही आपण काय बघायला आलोय ते कुठं ठाऊक होतं?

भाच्याला हे सगळं पटलं असं नाही. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी नीट. कोयना एक्स्प्रेसची तिकिटं तेवढी काढून ठेवली त्यानं. काल रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, एका बँडची लिंक, नाव मी कधी ऐकलेलं नाही. खाली लिहिलं होतं, "मावशी, पहिलं दीड मिनिट नुसतं गिटार लावायलेत. पुढं ढकलू नको, तेवढं ऐक."